स्वभावाला औषध नाही?

बँकेत अधिकारी असताना मार्च महिना सरला, की हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहावे लागत. हजेरी, कामाचा उरक, ग्राहकांशी वागणूक असे रकाने भरून झाले, की शेवटी स्वभावाविषयी शेरा लिहायचा. जागा दीड ओळीची. 'कष्टाळू, पण तापट.' 'हुशार, पण कोणात मिसळत नाही.' माणसाला दीड ओळीत बसवण्याची ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली, की पुढे कादंबऱ्या लिहायला लागल्यावर ती मोडताना मला फार कष्ट पडले. घरात मात्र ती मोडलीच नव्हती. ते कळले माझ्या भाचीच्या आजारपणात. आज हे लिहितो आहे, ते तिला विचारून.

२००९ साली ती अकरावीसाठी आमच्याकडे पुण्याला राहायला आली. अभ्यासात पहिली, अक्षर मोत्यासारखे, वह्यांना घातलेली कव्हरेसुद्धा एका मापाची. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी असे तिचे उपास हळूहळू वाढत गेले. स्वयंपाकघरात मामीच्या पुढे पुढे करून सगळ्यांना आग्रहाने वाढायची. स्वतःचे पान मात्र 'कँटीनमध्ये खाल्लंय' म्हणून टाळायची. आणि मी जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांच्या देखत, माझ्या मुलांना सुनवायचो, "बघा, याला म्हणतात शिस्त!"

मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला तरी ती लांब बाह्यांचे कुडते घालू लागली. एका दुपारी माझ्या पत्नीला तिचे हात दिसले. जखमा जुन्या होत्या, नव्याही होत्या, आणि त्या कुठे पडून-झडून झालेल्या नव्हत्या. बहिणीला फोन केला, ती रात्रीच्या गाडीने निघून आली. "दादा, तुला काहीच कसं दिसलं नाही रे?" एवढेच ती म्हणाली. त्यावर मी जे बोललो ते मला आजही आठवते. "अगं, हट्टी आहे ती पहिल्यापासून. मनस्वी आहे. लक्ष वेधून घ्यायचं असतं या वयात." दीड ओळीतला शेरा मी तिथेही लिहून मोकळा झालो होतो.

आपल्याकडे म्हणच आहे, स्वभावाला औषध नाही. अनुभवातून आलेल्या म्हणी सहसा खोट्या नसतात. पण ही म्हण कधी कधी आजारी माणसाला औषधापासून दूर ठेवते. खाण्याचे विकार आणि स्वतःला इजा करून घेणे ही जोडी त्याचे ठळक उदाहरण आहे.

ही जोडी दुर्मीळ नाही. ॲनोरेक्सियात माणूस वजन वाढण्याच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवतो. बुलिमियात भराभर, ताबा सुटल्यासारखे खाणे होते आणि मग ते शरीराबाहेर टाकण्याची धडपड सुरू होते. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार खाण्याचे विकार असलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी ना कधी, जीव देण्याचा हेतू नसताना, स्वतःला इजा करून घेतलेली असते. बुलिमियात हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश, ॲनोरेक्सियात सुमारे एक पंचमांश. म्हणजे माझी भाची एकटी नव्हती. तिला मात्र आपण एकटेच असे आहोत, असे वाटत होते. असा आजार फक्त मुलींनाच होतो असेही नाही. मुलांमध्ये तो ओळखूच येत नाही, कारण तिथे कोणी शोधत नाही.

या जोडीचे नाव साऱ्या जगाने एका प्रसिद्ध स्त्रीच्या तोंडून ऐकले होते. नोव्हेंबर १९९५मध्ये ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात आपल्या बुलिमियाविषयी सांगितले आणि आपण स्वतःच्या हातापायांना इजा करून घेत होतो, हेही सांगितले. आतली वेदना इतकी असते की माणूस बाहेरून स्वतःला दुखवतो. त्याला मदत हवी असते, पण ती मागण्याची रीत चुकीची असते, अशा अर्थाचे त्या बोलल्या. ही मुलाखत मिळवताना फसवणूक झाली होती, खोटी बँक विवरणपत्रे दाखवली गेली होती, हे २०२१ साली लॉर्ड डायसन यांच्या चौकशीत सिद्ध झाले. ती लबाडी अक्षम्यच. पण आजाराविषयीचे बोलणे त्यांचे स्वतःचे होते.

डायना १९६१च्या आणि मीही १९६१चा. आमच्या शाखेत दुपारच्या डब्याच्या वेळी त्या मुलाखतीवर चर्चा झाली ती मला आठवते. "राजवाड्यात राहून, सोन्याच्या ताटात जेवून ही थेरं!" असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. त्याच मुलाखतीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाळंतपणानंतरच्या नैराश्याने आजूबाजूच्यांना एक नवा शिक्का मिळवून दिला, अस्थिर बाई, तोल गेलेली बाई. आणि तो शिक्का नंतर पुसला गेला नाही. आम्ही डबा खात खात तोच शिक्का मारत होतो, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता प्रश्न असा, की ही दोन्ही दुखणी एकाच माणसात का भेटतात? वरवर पाहता एकात पोटाचा संबंध, दुसऱ्यात कातडीचा. पण ज्यांना हे होते त्यांना विचारले, की उत्तर पुष्कळदा एकच येते. आत काहीतरी असह्य दाटून येते. ते राग आहे, लाज आहे, की भीती, हे सांगता येत नाही. अशा वेळी शरीरावर काही केले, की थोडा वेळ सुटल्यासारखे वाटते. मागाहून लाज दुप्पट होऊन येते, आणि तिच्यापासून सुटण्यासाठी पुन्हा तेच. काहींना उलट अनुभव असतो. आत काहीच जाणवत नाही, सारे बधिर, आणि त्या बधिरपणातून बाहेर यायला दुखणे हवे असते. आणखी काही जण स्वतःला शिक्षा देत असतात, गुन्हा काय केला ते ठाऊक नसताना.

लक्ष वेधून घेण्यासाठी हे केले जाते, हा माझा आणि बहुतेकांचा समज. पण लक्ष वेधायचे असते तर ती मुलगी मे महिन्यात लांब बाह्या घालून घामाने निथळत का बसली असती?

मग स्वभावाचा संबंध नाहीच का? आहे, पण आपण समजतो तसा नाही. २००१ साली ड्र्यू वेस्टन आणि जेनिफर हार्नडेन-फिशर या संशोधकांनी खाण्याचे विकार असलेल्या रुग्णांच्या व्यक्तिमत्त्वांचा अभ्यास केला. त्यांना तीन गट आढळले. पहिला गट कर्तबगार, सगळे बिनचूक हवे असणाऱ्यांचा. दुसरा मिटून घेतलेल्यांचा. या माणसांना भूक, आनंद, राग, इच्छा या सगळ्यांवर झाकण ठेवायची सवय असते. तिसरा गट याच्या नेमका उलट, भावनांचा लोंढा आला की वाहून जाणाऱ्यांचा. ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया हे आजाराचे नाव एकच असले, तरी त्यामागची माणसे इतकी वेगळी असू शकतात.

स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार तिसऱ्या गटात अधिक, हे खरे. याआधी १९८६मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर ह्युबर्ट लेसी यांनी बुलिमियाच्या अशा काही रुग्णांकडे लक्ष वेधले होते, ज्यांना खाणे, दारू, स्वतःला दुखवणे अशा अनेक बाबतींत आवेग आवरता येत नाही. पण पहिल्या दोन गटांतली माणसेही इजा करून घेतात, आणि तीही गाजावाजा न करता, नेमाने, जणू गृहपाठ उरकावा तशी. एकीला लोंढा थोपवायचा असतो, दुसरीला गुणपत्रिकेतल्या दोन उणे गुणांची शिक्षा भोगायची असते. जखम सारखीच दिसते. तिच्यामागची माणसे दोन टोकांची असतात. म्हणून जखम पाहून स्वभाव ओळखता येत नाही, आणि स्वभाव पाहून 'ही तसं काही करणार नाही' असेही म्हणता येत नाही. मी तेच म्हणत होतो. इतकी शिस्तीची मुलगी!

आणि आपण ज्याला स्वभाव म्हणतो, तो खरोखर स्वभाव असतो का? या प्रश्नावर माझा विश्वास ज्या प्रयोगाने हलवला, त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लाखो माणसे उपाशी होती आणि त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे वैद्यकाला नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४मध्ये एक प्रयोग सुरू केला. सद्सद्विवेकाच्या कारणाने युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. शरीराने धडधाकट, मनाने स्थिर, अशीच माणसे पारखून घेतली होती. विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागाराखालील खोल्यांत ती राहत. आधी काही आठवडे पुरेसे जेवण, मग २४ आठवडे अर्धपोटी, मग पुन्हा हळूहळू अन्न, असा तो क्रम होता. अर्धपोटी काळात त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

शरीर खंगले यात नवल नाही. नवल मनाचे झाले. हसतीखेळती माणसे चिडखोर, उदास, एकलकोंडी झाली. राजकारण, मुली, पुस्तके यांतला रस गेला. डोक्यात रात्रंदिवस अन्न. कोणी पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसे, कोणी एकेक घास तासभर पुरवी, कोणी ताट चाटून पुसून ठेवी. काहींचा मधेच ताबा सुटला, चोरून खाल्ले, आणि मग अपराधाच्या भावनेने ते खचून गेले. त्याच विद्यापीठात नुकतीच तयार झालेली व्यक्तिमत्त्व मोजण्याची एक चाचणी त्यांना दिली जात होती. त्या चाचणीतही उदासी आणि इतर मानसिक विकारांची लक्षणे वर चढत गेलेली दिसली. धडधाकट म्हणून निवडलेली माणसे काही महिन्यांत कागदावर मनोरुग्ण ठरू लागली. एकाला तर लाकडे फोडताना स्वतःच्या हाताची बोटे गमवावी लागली. ते अपघाताने झाले की मुद्दाम, हे तो स्वतःही पुढे कधी ठामपणे सांगू शकला नाही.

हा सारा वृत्तांत १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाला. तो वाचताना मी चमकलो, कारण आमच्या घरातली मुलगी मला त्यात पानोपानी दिसत होती. आग्रहाने वाढणारी, पाककृती उतरवून घेणारी, एक पोळी तासभर चिवडणारी, कोणी दारावर टकटक केले तरी दचकून चिडणारी. मी तिचा स्वभाव म्हणून जे जे नोंदवले होते, त्यातले अर्धेअधिक भुकेचे होते.

मिनेसोटातले बहुतेक तरुण पोटभर अन्न मिळू लागल्यावर, काही महिन्यांनी का होईना, पुन्हा पहिल्यासारखे झाले. ही त्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट. अर्थात, त्यांच्यात आणि आपल्या घरातल्या आजारी मुलीत फरक आहे. त्यांना आपण का उपाशी आहोत हे ठाऊक होते, आणि त्यांना जेवायचे होते. हिला जेवणाची धास्ती असते. शिवाय सगळे खापर भुकेवर फोडणेही चूक ठरेल. बिनचूकपणाचा हट्ट, काळजीखोरपणा हे पुष्कळ मुलींत आजाराच्या आधीपासून दिसतात आणि बरे झाल्यावरही थोडेफार उरतात. पण कोणते मूळचे आणि कोणते भुकेचे, हे उपाशी माणसाकडे पाहून ठरवता येत नाही. आधी पोट भरावे लागते. आमच्या भाचीला ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेले, त्यांनी पहिल्या भेटीत तेच सांगितले. मी विचारले, "डॉक्टर, हिचा स्वभाव असा का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ते आपण सहा महिन्यांनी बोलू. आत्ता माझ्यासमोर स्वभाव नाही, भूक बसली आहे."

वैद्यकशास्त्रानेही शिक्के मारले आहेत, हे इथे सांगायला हवे. १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्वविकार दाखल झाला. स्वतःला वारंवार इजा करणे हे त्याचे एक लक्षण. मग झाले असे, की हातावर व्रण दिसले रे दिसले, की अनेकदा तोच शिक्का बसे, आणि तो बसला की रुग्ण 'अवघड' ठरे. २०१३च्या आवृत्तीत स्वतःला इजा करणे ही वेगळी अवस्था म्हणून, अधिक अभ्यास हवा अशा यादीत का होईना, मांडली गेली. प्रत्येक व्रणामागे व्यक्तिमत्त्वविकार असतोच असे नाही, याची ती कबुली होती. आणि विकार असला तरी तो जन्माची शिक्षा नसतो. वर्षानुवर्षे अशा रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अमेरिकेतील अभ्यासांत बहुतेकांची लक्षणे दहा वर्षांच्या आत ओसरलेली दिसली आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मार्शा लिनहान. आवेग आवरता न येणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णांसाठी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी' नावाची उपचारपद्धती तयार केली. तिचा उपयोग सिद्ध करणारा त्यांचा पहिला मोठा अभ्यास १९९१ साली आला, आणि पुढे बुलिमियासाठीही ती वापरली जाऊ लागली. तिचा गाभा असा, की 'तू आहेस तशी मला मान्य आहेस' आणि 'तुला बदलावे लागेल' ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात म्हणता आली पाहिजेत. लोंढा आला की क्षणभर कसे थांबायचे, त्या भावनेला नाव कसे द्यायचे, मदत कशी मागायची, हे तिथे पोहणे शिकवावे तसे शिकवतात. २०११ साली लिनहान यांनी जाहीरपणे सांगितले, की १९६१मध्ये सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करून घेत होत्या. त्या काळी त्यांच्याविषयी शेरे लिहिणाऱ्यांपैकी कोणाला वाटले असेल, की ही मुलगी एक दिवस इतरांना तारील?

घरातल्या माणसांनी काय करावे? ॲनोरेक्सियाच्या किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात एक पद्धत घडली. तिच्यात आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. मुलीला पुन्हा जेवते करण्याची जबाबदारी, डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांच्याच हाती देतात. मुलगी वेगळी आणि आजार वेगळा, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. माझी बहीण तसेच वागली. दिवसाला सहा वेळा ताट घेऊन बसायची. मुलगी ओरडायची, रडायची, नको ते बोलायची. बहीण म्हणायची, "हे तू नाही बोलत आहेस, बाळा. मी बसते इथेच." कित्येक महिने हे चालले.

जखमा दिसल्या तर ओरडू नये, 'पुन्हा करणार नाहीस अशी शपथ घे' म्हणू नये, आणि घरच्यांच्या इभ्रतीची आठवण तर मुळीच करून देऊ नये. सरळ, हळू आवाजात विचारावे, 'फार त्रास होतोय का?' जीव नकोसा वाटतो का, हेही विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते. वजनावर, जाडी-बारीकपणावर, कौतुकानेसुद्धा, बोलू नये. चक्कर, छातीत धडधड, वेगाने घटणारे वजन यांकडे काणाडोळा करू नये. मनोविकारांत ज्या आजारांनी सर्वाधिक जीव जातात, त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही.

आणि उपासांविषयी. उपास हे आपल्या घरांचे वैभव आहे, ते मी मोडीत काढायला बसलेलो नाही. माझी आई एकादशीला पाणीसुद्धा मोजून पीत असे, आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडताना तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. उपास आणि आजार यांत फरक करायचा, तर तो पारण्याच्या दिवशी पाहावा. उपास सुटताना ज्याला आनंद होतो त्याची काळजी नको. ज्याला धसका बसतो, त्याच्याजवळ जाऊन बसावे.

भाची आज तिशी ओलांडून गेली आहे. नोकरी करते, संसार आहे. बिनचूकपणाचा हट्ट अजून आहे. परीक्षेसारखे काही आले, की जुनी भीती डोके वर काढते, असे ती सांगते. तेव्हा ती बाईंना फोन करते. गेल्या दिवाळीत फराळाला आली होती. मी धीर करून विचारले, "त्या वेळी मी काय करायला हवं होतं गं?" ती थोडा वेळ चकलीचा तुकडा हातात धरून बसली. म्हणाली, "मामा, तू मला शिस्तीची म्हणायचास ना, तेव्हा मला फार भूक लागलेली असायची. एकदा तरी नुसतं, जेवलीस का गं, असं विचारून माझ्यापाशी बसला असतास, तर बरं वाटलं असतं."

स्वभावाला औषध नाही, ही म्हण मी आता सहसा उच्चारत नाही. कोणी उच्चारली, तर तो माणूस जेवला आहे का, एवढे मात्र विचारतो.